वाचकांचे प्रश्न : ‘तपासणी झाली’ म्हणजे नेमके काय झाले?

बौद्धिक अक्षमता, स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी किंवा बहुविकलांगता असलेल्या प्रौढांची दिवसकेंद्रे आणि निवासगृहे नियमांप्रमाणे चालतात का, अशी विचारणा करणारी पत्रे नाशिक शहरातून आणि जिल्ह्यातून आली आहेत. त्यांपैकी चार पत्रांना येथे उत्तरे दिली आहेत. मजकूर संक्षिप्त केला असून ओळख पटेल असे तपशील वगळले आहेत.

प्रश्न : माझ्या 24 वर्षांच्या मुलाला बौद्धिक अक्षमता आणि स्वमग्नता आहे. विशेष शाळा संपल्यापासून तो एका खासगी संस्थेच्या दिवसकेंद्रात जातो. सकाळी नऊला व्हॅन येते, चारच्या सुमारास तो परत येतो. अलीकडे त्याचा डबा बऱ्याचदा तसाच परत येतो आणि घरी आल्या आल्या तो झोपून जातो. चौकशी केली, की ‘सगळे नियमानुसार चालू आहे, नुकतीच तपासणीही झाली’ असे सांगतात. पालकांना मात्र फाटकाच्या आत फारसे घेत नाहीत. खरे काय ते आम्ही कसे ओळखावे?
— एक आई, इंदिरानगर

उत्तर : तपासणी झाली असेलही, पण तेवढ्याने आपली शंका खोटी ठरत नाही. तपासणीला आलेल्या अधिकाऱ्यांचा बहुतेक वेळ नोंदणी प्रमाणपत्र, हजेरीपट, कर्मचाऱ्यांची शैक्षणिक अर्हता, जमाखर्च आणि आग विझवण्याची साधने पाहण्यात जातो. हे सारे पाहायलाच हवे. परंतु आपला मुलगा सकाळी दहापासून दुपारी एकपर्यंत काय करतो, याचा उल्लेख यांतल्या एकाही कागदावर नसतो. तो असायला हवा त्याच्या वैयक्तिक आराखड्यात, आणि म्हणून आपण सर्वांत आधी मागावयाचा कागद तो आहे.

हा आराखडा वाचताना सावध राहावे. ‘दैनंदिन कौशल्यांत स्वावलंबन वाढवणे’ असे मोघम वाक्य पन्नास जणांच्या फायलींत सारखेच उतरवलेले आढळते आणि त्याचा कोणालाही उपयोग नसतो. याउलट ‘डबा स्वतः उघडून जेवेल, झाकण घट्ट असल्यास खुणेने मदत मागेल, जबाबदारी अमुक शिक्षिकेची, आढावा तीन महिन्यांनी’ असे लिहिलेले असेल, तर डबा न उघडता परत आल्यावर आपण कोणाला आणि काय विचारायचे हे ठरलेले असते. आराखडा दाखवला गेला नाही, किंवा तो आपल्याशी न बोलताच लिहिला गेला असेल, तर नियमपालनाचा सर्वांत महत्त्वाचा भाग तिथेच राहून गेला आहे असे मी मानते, मग भिंतीवर कितीही प्रमाणपत्रे लावलेली असोत.

त्यानंतर केंद्र स्वतः पाहावे. त्यासाठी भांडायची गरज नाही. औषध द्यायचे आहे, स्वेटर राहिला आहे, अशा साध्या कारणाने कामाच्या वेळेत जाता येते. कार्यशाळेच्या कपाटातील मेणबत्तीचे साचे वापरात आहेत, की त्यांवरचे प्लास्टिकचे वेष्टनही निघालेले नाही, हे दारातूनही दिसते. दैनंदिन नोंदीची वही मागावी आणि तिच्यातील शाई पाहावी. सबंध महिन्याचे रकाने एकाच पेनाने, एकाच बैठकीत, एकसारखे तिरके भरलेले असतील, तर त्या नोंदी त्या त्या दिवशी झालेल्या नाहीत. दिवाळीच्या आधी पणत्या रंगवण्याचे काम सगळीकडेच जोरात असते. म्हणून भेट आषाढात द्यावी, असे मी पालकांना थोडे गमतीने आणि बरेचसे गांभीर्याने सांगत असते.

झोपेबाबत मात्र घाईने दोष देऊ नये. फिटच्या किंवा वर्तनासाठीच्या औषधांत बदल झाला असल्यास सुस्ती येऊ शकते, म्हणून आधी डॉक्टरांना दाखवावे. त्याचबरोबर केंद्रात कोणती गोळी, कोणी, किती वाजता दिली याची नोंद लेखी मागावी. घरून न दिलेले औषध त्या नोंदीत आढळले, तर पुढच्या पायऱ्यांना उशीर लावू नये.

या पायऱ्या कायद्याने ठरवून दिल्या आहेत. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 नुसार दिव्यांगांची काळजी, प्रशिक्षण किंवा पुनर्वसन करणारी कोणतीही खासगी संस्था राज्याच्या सक्षम प्राधिकाऱ्याच्या नोंदणीशिवाय चालवता येत नाही आणि नोंदणी प्रमाणपत्र सर्वांना दिसेल अशा जागी लावावे लागते. त्यावरील मुदत वाचावी. मुदत संपलेले प्रमाणपत्र चौकटीत घालून लावलेले मी एकाहून अधिक ठिकाणी पाहिले आहे. तपासणी खरोखर झाली असेल तर तिचा अहवाल असणारच. तो जिल्हा परिषदेच्या समाजकल्याण विभागाकडे माहितीच्या अधिकारात मागता येतो. अर्जाचे शुल्क 10 रुपये असून उत्तर 30 दिवसांत मिळायला हवे. अहवालात त्रुटी नमूद असतील, तर त्यांची पूर्तता झाल्याचे पत्रही त्याच अर्जात मागावे, कारण त्रुटी दाखवल्या जातात, पाठपुरावा मात्र तिथेच थांबतो, हा आपल्याकडचा जुना अनुभव आहे.

एवढ्याने भागले नाही, तर राज्याच्या दिव्यांग आयुक्तांकडे पुण्याला लेखी तक्रार करावी. आयुक्तांना चौकशीसाठी दिवाणी न्यायालयासारखे अधिकार आहेत, आणि त्यांनी एखाद्या प्राधिकरणाला शिफारस केली, तर केलेली कार्यवाही त्या प्राधिकरणाने तीन महिन्यांत कळवायची असते. प्रकरण उपेक्षेपलीकडे जाऊन छळाचे वाटू लागले, तर वाट न पाहता कार्यकारी दंडाधिकाऱ्यांकडे किंवा पोलिसांकडे जावे. अशी माहिती कोणीही देऊ शकते, त्यासाठी पालकच असावे लागते असे नाही. आपल्या ताब्यातील दिव्यांग व्यक्तीला जाणूनबुजून अन्न किंवा पाणी नाकारणे हा याच कायद्याच्या कलम 92 खाली गुन्हा असून त्यास सहा महिने ते पाच वर्षे कारावासाची आणि दंडाची शिक्षा आहे. आपल्या मुलाच्या बाबतीत असे घडले आहे, असे आज म्हणता येणार नाही. परत येणारा डबा किरकोळ समजून सोडून देऊ नये, इतकाच हे कलम सांगण्यामागचा हेतू आहे.

प्रश्न : आई-वडिलांच्या पश्चात माझा 41 वर्षांचा भाऊ शहराबाहेरच्या एका निवासगृहात राहतो. भेट महिन्यातून एकदाच, ठरलेल्या रविवारी, तीही बाहेरच्या खोलीत होते. त्याचे संजय गांधी निराधार योजनेचे पैसे ज्या खात्यात जमा होतात, त्याचे एटीएम कार्ड संस्थेकडे आहे. हे योग्य आहे का?
— एक बहीण, नाशिकरोड

उत्तर : दोन्ही गोष्टी योग्य नाहीत, आणि पैशांची बाब आधी हाती घ्यावी. दिव्यांग व्यक्तीला आपले आर्थिक व्यवहार सांभाळण्याचा इतरांइतकाच हक्क आहे. तिला या कामात मदत करणाऱ्याचे हितसंबंध तिच्या हिताच्या आड येत असतील, तर त्याने त्या व्यवहारातून बाजूला व्हावे, असे 2016 चा कायदा सांगतो. जी संस्था आपल्या भावाकडून शुल्क घेते, तिच्याच हाती त्याचे कार्ड असणे म्हणजे नेमका हाच पेच होय. बँकेतून खातेउतारा काढावा आणि संस्थेकडे खर्चाचा हिशेब लेखी मागावा.

भावाला कायदेशीर पालकाची गरज असेल, तर राष्ट्रीय न्यास अधिनियम, 1999 अन्वये प्रत्येक जिल्ह्यात नेमलेल्या स्थानिक स्तर समितीकडे अर्ज करता येतो. आपल्या जिल्ह्यासाठी त्याची चौकशी जिल्हाधिकारी कार्यालयात करावी. बहीण या नात्याने आपण अर्ज करू शकता. पालकत्व मिळाल्यावर सहा महिन्यांत मालमत्तेची यादी आणि दर आर्थिक वर्ष संपल्यापासून तीन महिन्यांत हिशेब समितीला द्यावा लागतो. हे काम जिकिरीचे वाटेल, पण संस्थेकडून ज्या हिशेबाची आपण अपेक्षा करतो तोच आपणही द्यायचा आहे. याआधीच दुसऱ्या कोणाची पालक म्हणून नेमणूक झाली असेल आणि तो उपेक्षा किंवा अपहार करीत असेल, तर त्याला दूर करण्यासाठीही याच समितीकडे जाता येते.

भेटीच्या नियमाकडे पाहताना परदेशातील एक मोजपट्टी उपयोगी पडते. अमेरिकेत मेडिकेड या सरकारी योजनेतून ज्या निवासी सेवांना पैसा मिळतो, त्यांच्यासाठी 2014 मध्ये नवा नियम आला आणि तो पूर्णपणे पाळण्याची मुदत वाढत वाढत मार्च 2023 पर्यंत गेली. संस्थेने चालवलेल्या निवासात राहणाऱ्याला आपल्या खोलीचे दार आतून बंद करता येते का, सोबती निवडता येतो का, भूक लागेल तेव्हा खायला मिळते का आणि त्याला हवा तेव्हा पाहुणा बोलावता येतो का, हे तिथे तपासले जाते. यांतली एखादी मुभा कमी करायची असेल, तर त्या एका व्यक्तीच्या आराखड्यात कारण, आधी करून पाहिलेले सौम्य उपाय आणि फेरआढाव्याची मुदत लिहावी लागते. सगळ्यांना मिळून एकच बंदी घालता येत नाही. हा नियम आपल्याला लागू नाही, हे खरे. परंतु दिव्यांग व्यक्तीला समाजात राहण्याचा हक्क आहे, असे आपल्या 2016 च्या कायद्याचे कलम 5 म्हणते, आणि महिन्यातून एकदा बाहेरच्या खोलीत होणारी भेट त्यात बसत नाही. संस्थेला पत्र लिहून ‘माझ्या भावाच्या बाबतीत या निर्बंधाचे कारण काय’ एवढेच विचारावे. ‘आमच्याकडे सर्वांना हाच नियम आहे’ असे उत्तर आले, तर ते जपून ठेवावे, कारण तक्रारीला जोडण्यासाठी त्याहून चांगला कागद मिळणार नाही.

प्रश्न : आम्ही 18 प्रौढांसाठी लहानसे केंद्र चालवतो. वेगवेगळ्या कार्यालयांची पथके येतात आणि प्रत्येकाला निराळी नोंदवही हवी असते. आमच्या दोन काळजीवाहकांनी माणसांकडे बघायचे की वह्यांकडे?
— एक विश्वस्त, सिन्नर

उत्तर : आपली तक्रार खरी आहे. रजनीताई लिमये यांनी नाशिकमध्ये बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांसाठी प्रबोधिनी ही शाळा उभी केली, तेव्हा दिव्यांगांसाठी स्वतंत्र कायदाही नव्हता. तो प्रथम 1995 मध्ये आला. कळकळीच्या माणसांना पुढे कागदांचा जाच झाला, हे नाकारता येत नाही. तथापि 2011 मध्ये नवी मुंबईतील कळंबोलीच्या संस्थेत बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलींवरील अत्याचार उघडकीस आले, आणि ‘कार्यकर्त्यांवर विश्वास ठेवा’ एवढेच म्हणण्याची सोय त्या प्रकरणाने उरू दिलेली नाही.

वह्या कमी करण्याचा मार्ग असा, की प्रत्येक व्यक्तीची रोजची एकच नोंद ठेवावी : आली-गेली, जेवली, औषध, काय केले, काही विशेष घडले का. हजेरी, आहार, औषधे आणि घटना यांचे मासिक तक्ते त्याच नोंदीवरून संगणकावर काढता येतात. अपघात, भांडण, पडणे किंवा घाबरून पळून जाणे यांची नोंद लपवू नये. वर्षभरात एकही घटना नसलेली वही पाहून जाणकार तपासनीस खूश होत नाही, उलट त्याच्या मनात शंका येते. पथक आले, की त्यांना ऑफिसात चहा देण्याआधी जेवणाच्या वेळी अर्धा तास मुलांत बसवावे. ज्यांना बोलता येत नाही त्यांची साक्ष तिथेच मिळते : ताटाकडे हात आपणहून जातो का, काळजीवाहक जवळ आल्यावर अंग आक्रसते का. पालकांपैकी दोघांना कोणत्याही दिवशी न कळवता येण्याची मुभा लेखी द्यावी. सरकारी पथकाहून त्यांची भीती अधिक वाटते, असे काही संस्थाचालक खासगीत कबूल करतात, आणि मला तरी ते चांगले लक्षण वाटते.

प्रश्न : माझ्या मुलीच्या केंद्रातील ‘थेरपिस्ट’ खरोखर पात्र आहेत का, हे कसे तपासावे?
— एक वडील, पंचवटी

उत्तर : विशेष शिक्षक, वाचा व श्रवण तज्ज्ञ आणि चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ यांची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे असावी लागते. त्यांचा नोंदणी क्रमांक मागून परिषदेच्या संकेतस्थळावर पडताळून पाहावा आणि त्याची मुदतही पाहावी. फिजिओथेरपिस्ट व ऑक्युपेशनल थेरपिस्ट मात्र या परिषदेच्या कक्षेत येत नाहीत. त्यांच्यासाठी महाराष्ट्राची स्वतंत्र राज्य परिषद आहे. त्यामुळे त्यांचे नाव पहिल्या यादीत सापडले नाही, म्हणून लगेच तक्रार करू नये.