बोलिंगचा बॉल डावीकडच्या गटरातच जातो. हलका घ्यावा की जड?

तुम्ही लिहिलंय की महिन्यातून दोनदा मित्रांसोबत मॉलमध्ये बोलिंगला (लांब पट्टीवरून, म्हणजे लेनवरून, जड बॉल घरंगळवत समोरच्या पिना पाडायचा खेळ) जाता, पहिले पाच-सहा बॉल बरे पडतात आणि मग एकामागून एक डावीकडच्या गटरात, म्हणजे लेनच्या कडेच्या खाचेत. तर बॉल हलका घ्यावा की जड, आणि स्वतःचा विकत घेतला तर फरक पडेल का?

वजनाचं नंतर बघू. आधी अंगठ्याचं भोक बघा.

मी वाळूजला टूलरूममध्ये काम करतो. बोअर, म्हणजे भोक, आणि त्यात बसणारी लोखंडी पिन यांच्यातला क्लिअरन्स (मोकळी फट) बघणं ही माझी रोजीरोटी, तरी स्वतःच्या अंगठ्याच्या बाबतीत हे डोक्यात शिरायला मला वर्ष लागलं. (घरी अजूनही 'बोलिंगला चाललो' म्हटलं की वडील विचारतात, कोणत्या टीमकडून?)

बॉल हातातून निघताना आधी अंगठा सुटायला हवा, मग दोन बोटं. अंगठा भोकात अडकला की तो निघेपर्यंत हात अंगासमोरून आडवा गेलेला असतो, आणि बॉल त्याच्यामागं डावीकडे. भोक सैल असेल तर वाटेल, सुटेल की पटकन. तसं होत नाही. बॉल पडेल या भीतीनं आपण नकळत आवळून धरतो, आणि आवळलेला अंगठाही उशिराच निघतो. घट्ट आणि सैल, दोन्हीचा शेवट त्याच गटरात. तुमचे सुरुवातीचे बॉल बरे पडतात यावरून मला वाटतं की भोक मुळात बेताचंच आहे. खेळता खेळता अंगठा सुजतो आणि मग अडकायला लागतो.

त्यामुळं रॅकवरचा रंग बघून बॉल उचलू नका. बॉलवरचा आकडा पौंडात असतो, पण एकाच आकड्याच्या दोन बॉलची भोकं सारखी असतीलच असं नाही. तीन-चार बॉल हाताळा. अंगठा मुळापर्यंत घाला आणि गोल फिरवा. कातडीला सगळीकडून लागला पाहिजे, चिमटा बसता कामा नये. काढताना बाटलीचं बूच निघाल्यासारखा 'टप्' आवाज आला तर तो बॉल ठेवून द्या. मग मधलं बोट आणि अनामिका दुसऱ्या सांध्यापर्यंत घाला. तळहात आणि बॉल यांच्यामधून पेन्सिल सरकेल एवढी फट राहिली की अंतर जमलं. तळहात ताणून पांढरा पडत असेल तर अंतर जास्त आहे.

आता वजन. नियमात जास्तीत जास्त १६ पौंड, म्हणजे सव्वासात किलो. शरीराच्या वजनाच्या दहा टक्के असा एक ठोकताळा सांगतात, पण सत्तर किलोच्या नवख्याला तो थेट १५ वर नेऊन बसवतो. मी तरी ११-१२ पासून सुरू करा म्हणेन. पाण्यानं भरलेली कळशी हातात घेऊन चालताना हात कसा सरळ लोंबतो, तसा बॉल घेऊन चार-पाच झोके द्या. खांदा झुकला किंवा मनगट वळलं तर जड. हातानं ढकलावासा वाटला तर हलका. फार हलक्या बॉललाही दिशा राहत नाही, कारण मग आपण तो फेकायला लागतो.

स्वतःच्या बॉलचा माझा किस्सा ऐका. पुण्याच्या एका ओळखीच्याकडून १४ चा जुना बॉल घेतला, त्याच्याच हाताच्या मापानं ड्रिल केलेला. अंगठा घट्ट. म्हटलं, आपण फिटर, आपल्याला कशाला कोण पाहिजे? अर्धगोल कानस, वर पॉलिश पेपर, रविवारची सगळी दुपार. संध्याकाळी लेनवर हात मागं नेला तर बॉल तिथंच निसटला आणि दाणकन् मागच्या फळ्यांवर. बाकावर बसलेल्या मंडळींनी पाय वर घेतले. लोखंडात एवढी घाई मी कधीच केली नसती! शेवटी भोक बुजवून, हाताचं माप देऊन पुन्हा ड्रिल करून घ्यावं लागलं. तेव्हा घ्यायचाच असेल तर ड्रिल न केलेला घ्या आणि मापं प्रत्यक्ष हात दाखवून द्या.

आणि माप थोडं सैलच ठेवा, कारण सैल भोक भरता येतं. बोलिंगची चिकट टेप मिळते, तिचा तुकडा भोकाच्या तोंडापासून अर्धा इंच आत लावायचा. मी नखाच्या बाजूला लावतो, म्हणजे अंगठ्याच्या पोटाकडची जाणीव बदलत नाही. आपल्याकडं हे फार लागतं. मे महिन्यात ४२ अंशांतून एसीत शिरलं की अर्ध्या तासात अंगठा बारीक होतो, मग खेळून सुजतो. मी दोन तुकडे लावून सुरू करतो आणि जमेल तसा एक काढतो.

पहिला बॉल साध्या प्लास्टिकचाच घ्या. १९९० च्या दशकात आलेले रिॲक्टिव्ह रेझिनचे बॉल तेल लावलेल्या लेनच्या पुढच्या कोरड्या भागात पकड घेऊन वळतात. दिसायला झकास, पण हात स्थिर नसताना ते तुमची चूक वाढवून दाखवतात. मुरलेले खेळाडूसुद्धा उरलेली एखादी पिन पाडायला प्लास्टिकच काढतात.

बॉल गाडीच्या डिकीत विसरू नका. परभणीला लग्नाला गेलो होतो, दिवसभर गाडी उन्हात. नंतर बघतो तर बोटांच्या दोन भोकांमधल्या पट्टीला केसाएवढी चीर.

एवढं करूनही बॉल ठरावीकपणे डावीकडंच जात असेल तर पिनांकडं बघणं सोडा. फाउल लाइनपासून (जिच्यापुढं पाय टाकायचा नसतो ती रेघ) पहिली पिन ६० फुटांवर, पण साधारण पंधरा फुटांवर लेनवरच खुणेचे सात बाण असतात. उजवीकडून दुसरा बाण धरा. बॉल बाणावरून जाऊनही पुढं डावीकडं निघत असेल तर बाण तोच ठेवा आणि उभं राहायची जागा जमिनीवरच्या एक-दोन फळ्यांएवढी डावीकडं सरकवा. उलटं वाटतं, पण कोन उजवीकडं उघडतो. बाणच चुकत असेल तर पाय हलवू नका. तो अंगठ्याचाच प्रश्न आहे.

हे सगळं उजव्या हाताचं. डावखुरे असाल तर डावं-उजवं बदलून वाचा, आणि तुमचा बॉल डावीकडंच जात असेल तर अंगठा अडकत नसून लवकर निसटत असावा.