कोन जुळतो, पण कठडा डुगडुगतो

प्रश्न : ताई, मी कठडे बनवतो. प्रत्येक जिन्याचा उतार निराळा, त्यामुळे दर वेळी रेलिंग खांबाला जोडणारं ब्रॅकेट नव्याने कापून वेल्ड करावं लागायचं. म्हणून कुठल्याही उताराला चालेल असं एकच ब्रॅकेट तयार केलं. खांबावर ४० मिमी रुंद पट्टी, ती मधोमध एकाखाली एक अशा दोन स्क्रूंनी बसते. पट्टीला दोन कान, कानांतून ८ मिमीचा बोल्ट आणि त्यावर फिरणारा कप. कपात रेलिंग बसतं. कोन पक्का करायला एका कानात कमानीसारखा स्लॉट आणि त्यात दुसरा बोल्ट. ० ते ४५ अंश छान जुळतं. पण काही महिन्यांत कठडा डुगडुगायला लागतो. बोल्ट १० मिमीचे करू का?

उत्तर : नका करू. बोल्ट बिचारा कमी पडतच नाहीये. कठडा कोणत्या दिशेने हलतो ते तुम्ही लिहिलं नाही, आणि सगळी मेख तिथेच आहे. एकदा रेलिंग मधोमध धरून खाली दाबून बघा, मग बाहेर ढकलून बघा. माझा अंदाज असा की खाली दाबल्यावर नुसता खडखडेल आणि बाहेर ढकलल्यावर खरा हलेल.

आधी स्लॉटचं बोलू. रेलिंगची दोन्ही टोकं दोन पक्क्या खांबांवर एकेका बोल्टने अडकवली की कोन बदलायला जागाच उरत नाही. खांब हलत नाहीत, रेलिंग लांब-आखूड होत नाही, मग उतार बदलणार कसा? म्हणजे ज्या स्लॉटवर तुम्ही एवढी मेहनत घेतली त्याला कामच नाही. एका टोकाला आधार नसलेलं, अधांतरी संपणारं रेलिंग असेल तर गोष्ट वेगळी. तिथे कोन अडवावा लागतो, आणि तोही स्लॉटमधल्या घर्षणाच्या भरवशावर सोडू नये. दातेरी चकत्या घाला, नाहीतर कोन जुळवल्यावर कान आणि कप मिळून आरपार भोक पाडून पिन ठोका.

मग खडखड येते कुठून? भोकातून. ८ मिमीच्या बोल्टला बहुतेकजण ९ चं भोक पाडतात, कारण बसवताना सोपं जातं. तो एक मिलिमीटर जन्मभर खेळत राहतो. भोक ८.२ चं ठेवा, कपात नायलॉनची बुश, म्हणजे बोल्टभोवती बसणारी छोटी नळी, घाला आणि नायलॉक नट वापरा, म्हणजे आत नायलॉनची कडी असलेला, आपोआप सैल न होणारा. आणि रंग! पावडर कोटिंग झालेले कान आवळले की त्या दिवशी सगळं घट्ट वाटतं. पुढे बोल्टच्या दाबाखालचा रंग हळूहळू दबतो, झिजतो आणि बोल्टचा ताण निघून जातो. कान-कपाच्या आतल्या बाजू आणि वॉशरची जागा कोटिंगआधी टेप लावून कोरी ठेवा. बाहेर बसणाऱ्या कठड्याला मात्र कोरं लोखंड चालणार नाही, तिथे स्टेनलेस घ्या.

आता बाहेर ढकलण्याचं. अमेरिकी बांधकाम नियमांत कठड्यासाठी २०० पौंड, म्हणजे सुमारे ९० किलोचा एकवटलेला भार धरतात. न्यूटनमध्ये ९००च्या आसपास. हा जोर आडवा आला की पट्टी खांबावरून दारासारखी उघडू पाहते. तुमचे दोन स्क्रू एकाखाली एक, मधल्या रेषेत. उभ्या दिशेने ते एकमेकांपासून कितीही लांब असोत, या उघडण्याला त्याचा काडीचा उपयोग नाही. पट्टीच्या कडेपासून स्क्रूपर्यंतचे २० मिमी, एवढीच तरफ तुमच्या बाजूने. कप ज्यावर फिरतो तो बोल्ट खांबापासून ४० मिमी पुढे आहे असं धरलं तर ९०० गुणिले ४० भागिले २०, म्हणजे दोन्ही स्क्रूंवर मिळून १८०० न्यूटनची ओढ. हा किमान हिशेब झाला. मधोमध ढकलल्यावर रेलिंग वाकू पाहतं आणि त्याचाही बोजा पट्टीवरच येतो.

पट्टी ८० मिमी रुंद करा. चार स्क्रू घ्या, कानांच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन, आडवं अंतर ६० मिमी. पट्टी ज्या कडेवर टेकून उघडू पाहते तिथपासून लांबच्या स्क्रूंची तरफ ७० मिमी झाली आणि ओढ ५००च्या आसपास आली. खांब तेवढा रुंद नसेल तर मागून खांबाला कवेत घेणारा पट्टा द्या.

बोल्ट खांबाच्या जवळही आणता येतो. किती जवळ, ते कपाचा कोपरा ठरवतो. कप ५० मिमी उंच आणि त्याचा तळ बोल्टपासून १० मिमीवर असेल, तर ३५ अंशांत कोपरा बोल्टच्या मागे, खांबाकडे, ६ मिमी जातो. ४५ अंशांत साडेदहा. म्हणजे बोल्ट २० मिमीवर ठेवला तरी कोपरा खांबाला घासत नाही, आणि ती ५०० न्यूटनची ओढ अडीचशेवर येते. तुम्हीही बोल्ट ४० मिमीवरच ठेवला असेल तर कशासाठी? बहुधा पान्हा फिरावा म्हणून. अॅलन बोल्ट घ्या, तो डोक्यातल्या षटकोनी खाचेत किल्ली घालून समोरूनच आवळता येतो.

एक गोष्ट तुम्ही विचारली नाही, पण अडचण तिचीही येणार. कोन बदलला की लांबी बदलते. दोन बोल्टांमध्ये आडवं अंतर १२०० मिमी असेल तर ३२ अंशांना तिरकं अंतर १४१५ आणि ३४ अंशांना १४४७. दोन अंशांत ३२ मिमी! कपाच्या खोलीत एवढा फरक मावत नाही. म्हणून कोन मोजून कारखान्यात कापण्यापेक्षा ब्रॅकेट खांबांवर बसवा, बोल्ट ते बोल्ट टेप लावा, दोन्ही कपांचे तळ वजा करा आणि मग पाइप कापा.

प्रश्न : जिना वळतो तिथे रेलिंग उतारही घेतं आणि बाजूलाही वळतं. बॉल जॉइंट वापरला तर सगळेच कोन एका फटक्यात जुळतील ना?

उत्तर : गोल पाइप असेल तर खुशाल वापरा. चौकोनी पाइप मात्र बॉलमध्ये स्वतःभोवतीही फिरतो, आणि तो जरा कलला की खालच्या उभ्या सळ्या ओळंब्यात राहत नाहीत. चौकोनी पाइपला दोन वेगळे बोल्ट द्या : खांबालगत उभा, त्याच्यापुढे आडवा. मोबाइलच्या तिपाईसारखं, आधी डावं-उजवं, मग वर-खाली. क्रम उलटा केलात तर वळवताना पाइपची वरची बाजू तिरकी होते, आणि मग गवंड्याने खांब वाकडा लावला म्हणून भांडण.

प्रश्न : तीन मीटरचं अॅल्युमिनियम रेलिंग उन्हात कटकट आवाज करतं. शिवाय स्टेनलेस स्क्रूंभोवती पांढरी भुकटी जमते.

उत्तर : तापमान ४० अंशांनी वाढलं की तीन मीटर अॅल्युमिनियम पावणेतीन मिमी लांबतं. लोखंड त्याच्या निम्मं. दोन्ही टोकं आवळली असतील तर ते जाणार कुठे? एक टोक पक्कं करा. दुसऱ्या कपाच्या तळाशी चार-पाच मिमी मोकळे सोडा आणि तिथल्या स्क्रूला रेलिंगच्या लांबीच्या दिशेने स्लॉट द्या. पहिल्या वाचकांना मी नको म्हटलेला स्लॉट इथे हवा, कारण या दिशेचा भार पक्कं केलेलं टोक घेतं.

भुकटी म्हणजे गंजणारं अॅल्युमिनियम. दोन वेगळे धातू चिकटून असले आणि वर पाणी साचलं की अॅल्युमिनियम झिजतं. मध्ये नायलॉनचा वॉशर घाला, पाणी निथळायला कपाच्या तळाशी भोक पाडा. स्टेनलेस बोल्टवर स्टेनलेस नट असेल तर आट्यांना अँटीसीझ ग्रीस (आटे जखडू न देणारं) लावून हातानेच आवळा. ड्रिल मशीनने भरकन फिरवलात तर नट अर्ध्यावरच जखडतो आणि मग ग्राइंडरने कापावा लागतो.