ह्यूस्टनच्या अंगणात बर्फ आणि घरातली कुत्री

२१ जानेवारी २०२५ रोजी अमेरिकेच्या दक्षिण किनारपट्टीवर बर्फ पडला. न्यू ऑर्लिन्सच्या विमानतळावर तो ८ इंच साचला आणि टेक्सासमधल्या ह्यूस्टनची अंगणेही पांढरी झाली. त्या निमित्ताने तिथल्या मराठी कुटुंबांनी विचारलेल्या प्रश्नांपैकी काहींची उत्तरे येथे देत आहे.

प्रश्न : आमची लॅब्रॅडॉर बर्फातून घरात यायलाच तयार नसते. तिला किती वेळ खेळू द्यावे?

मनसोक्त खेळू द्या, पण मधूनमधून आत बोलावून. लॅब्रॅडॉरचे पूर्वज कॅनडातल्या न्यूफाउंडलंडच्या कोळ्यांबरोबर थंडगार पाण्यात काम करीत आणि तिच्या अंगावर केसांचे दोन थर असतात. तरीही टेक्सासच्या उन्हात वाढलेल्या कुत्रीला थंडीची सवय नसते, आणि केस कातडीपर्यंत भिजले की त्यांची ऊब उरत नाही. घड्याळापेक्षा तिच्याकडे पाहा. ती थरथरू लागली, एकेक पाय उचलून धरू लागली किंवा खेळता खेळता मंदावली, तर तिला लगेच आत घेऊन टॉवेलने कोरडे करावे.

प्रश्न : पुण्याहून आणलेला आमचा नऊ वर्षांचा देशी कुत्रा बर्फावर पाऊलच ठेवत नाही.

मग त्याला ओढू नका. शू-शीसाठी गवताचा एक तुकडा फावड्याने मोकळा करून द्या, आणि परातीत थोडा बर्फ घेऊन त्याच्यासमोर ठेवा. हुंगून, चाटून त्याची भीती अनेकदा आपोआप जाते. त्याचे केस आखूड असल्याने बाहेर जाताना स्वेटर जरूर घालावा, मात्र तो भिजताच काढावा.

प्रश्न : अनवाणी पंज्यांना इजा होत नाही का?

पंज्यातून परतणाऱ्या गार रक्ताला शेजारच्या धमनीतले उष्ण रक्त ऊब देते, त्यामुळे कुत्र्याचे पाय आपल्या पायांइतके लवकर गारठत नाहीत. मला अधिक काळजी वाटते ती बर्फ वितळवण्यासाठी रस्त्यावर टाकलेल्या मिठाची आणि कॅल्शियम क्लोराइडची, कारण त्यांनी पंज्यांची त्वचा चुरचुरते आणि कुत्रे ते चाटून पोटात घेते. म्हणून प्रत्येक फेरीनंतर पाय कोमट पाण्याने धुऊन बोटांच्या बेचक्या कोरड्या कराव्यात; तिथे अडकलेले बर्फाचे गोळे ओढून न काढता कोमट पाण्यानेच वितळवावेत. सर्वांत घातक म्हणजे गाडीच्या कूलंटमधील, म्हणजे इंजिन गार ठेवणाऱ्या द्रवातील, एथिलीन ग्लायकॉल. ते चवीला गोड असते आणि थोडेसे पोटात गेले तरी मूत्रपिंडे निकामी करू शकते. कुत्र्याने ते चाटल्याची नुसती शंका आली तरी लक्षणांची वाट न पाहता त्याच तासाला पशुवैद्याकडे न्यावे, कारण उपचाराचा उपयोग सुरुवातीच्या काही तासांतच होतो.

प्रश्न : अंगणात स्विमिंग पूल आहे. कुत्र्याला मोकळे सोडावे का?

नाही. पूलच्या आच्छादनावर साचलेला बर्फ शेजारच्या हिरवळीइतकाच सपाट दिसतो आणि कुत्रे त्यावर बेधडक धावत जाते. पूलची बाजू अडवता येत नसेल, तर लांब पट्टा लावूनच खेळवावे.