नियम आले म्हणून टायर बदलायचे का?

आपण साताऱ्याहून कराडला स्वतःच्या मोटारीने नोकरीला जाता. गाडी वर्षाला सुमारे 20,000 किलोमीटर धावते आणि सध्याचे टायर 22,000 किलोमीटर चालले आहेत. ‘आता सरकारी नियम आले, कमी आवाजाचे आणि इंधन वाचवणारे टायर घ्यावेच लागतील’ असे सांगून दुकानदाराने चार टायरचा 29,000 रुपयांचा संच हप्त्यांवर देऊ केला आहे. साधा संच 22,000 रुपयांना मिळतो. माझ्या मते किमतीतला फरक कमी झाला तर महागडा संच घेण्यास हरकत नाही, मात्र आज घेऊ नये.

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने जून 2022 मध्ये टायर फिरताना होणारा रोध, ओल्या रस्त्यावरील पकड आणि आवाज यांच्या मर्यादा अधिसूचित केल्या, हे खरे. परंतु हे बंधन टायर बनवणाऱ्यांवर आणि आयात करणाऱ्यांवर आहे. आपल्या गाडीला बसवलेले टायर त्यामुळे बाद होत नाहीत. शिवाय साध्या नव्या संचालाही याच मर्यादा लागू असल्याने, वरचे 7,000 रुपये आपण नियमासाठी नव्हे, तर त्यापलीकडच्या बचतीसाठी मोजणार आहात.

ती बचत किती? लिटरला 16 किलोमीटर आणि पेट्रोल 105 रुपये धरल्यास आपला वर्षाचा इंधनखर्च सुमारे 1,31,000 रुपये होतो. टायरचा रोध दहा टक्क्यांनी घटला, तर मोटारीचे इंधन साधारण एक ते दोन टक्के वाचते. महागड्या टायरचा रोध वीस टक्के कमी आहे असे मानून तीन टक्के बचत धरली, तर वर्षाला 3,900 आणि 40,000 किलोमीटरच्या आयुष्यात 7,800 रुपये हाती येतात. दोनच टक्के वाचले, तर 5,200. म्हणजे व्यवहार जेमतेम बरोबरीचा आहे.

आजच बदलण्यात मात्र सरळ तोटा आहे. जुना संच 20,000 रुपयांचा असेल, तर त्यात अजून 18,000 किलोमीटर, म्हणजे 9,000 रुपये शिल्लक आहेत आणि दुकानदार त्याचे 2,000 देतो. त्यात गंमत अशी, की नक्षी झिजत जाते तसा टायरचा रोध कमी होतो; नव्या टायरची जाड नक्षीच जास्त इंधन खाते. चरांच्या तळाशी असलेल्या उंचवट्यांपर्यंत नक्षी झिजलेली नसेल आणि रबराला तडे नसतील, तर थांबावे. तोवर दर पंधरा दिवसांनी, गाडी चालवण्याआधी टायर गार असताना हवा तपासावी. कमी हवेमुळे होणारे नुकसान कुठलाही महागडा टायर भरून काढत नाही.

आवाजाबद्दलची अपेक्षाही जरा आवरावी. नियमातील आवाज गाडीच्या मार्गापासून 7.5 मीटरवर, इंजिन बंद ठेवून मोजतात. त्याचा लाभ महामार्गालगतच्या घरांना होतो. आपल्याला गाडीत बसून तितकाच फरक जाणवेल, याची हमी नाही.

हप्त्यांऐवजी बँकेत दरमहा 2,600 रुपयांचे आवर्ती ठेव खाते उघडावे. अकरा महिन्यांत, टायर बदलायची वेळ येईल तेव्हा, 28,600 रुपये आणि वर व्याज जमलेले असेल. रोख घेताना दोन्ही संचांचे लेखी दर मागावेत. फरक 5,000 च्या आत आला तर महागडा संच घ्यावा, नाहीतर साधा.