प्रार्थनेला नुकती सुरुवात करतो आहेस, म्हणून

घरात शांतता मिळेल, मग प्रार्थना करीन, असं म्हणत थांबू नकोस. घणसोलीच्या वन रूम किचनमध्ये ती क्वचितच मिळते. येशू पहाटे अंधार असतानाच उठून एकांतात प्रार्थनेला गेला, हे बायबलमधल्या मार्कच्या शुभवर्तमानाच्या पहिल्याच अध्यायात आहे. तुझा एकांत ठाणे-वाशी लोकलमध्ये असेल, तर तिथे कर. डोळे उघडे ठेवूनही प्रार्थना होते.

शब्द सुचत नसतील तेव्हा बायबलमधली स्तोत्रसंहिता उघड. तिथल्या 150 स्तोत्रांत नुसती स्तुती नाही. 13व्या स्तोत्रात दावीद देवाला पुन्हा पुन्हा विचारतो, कोठवर? 88वं तर अंधारातच संपतं. नोकरी गेली, आई आजारी आहे, देव ऐकतच नाही असं वाटतंय, तर तेच त्याला सांग. नवीन माणसं इथेच अडखळतात. तक्रार केली म्हणजे विश्वास उणा पडला, असं त्यांना वाटतं. मला ते अजिबात पटत नाही. ज्याच्यावर भरवसा असतो, त्याच्याकडेच माणूस रडतो. मार्कच्या 9व्या अध्यायातला तो बाप येशूला म्हणाला की विश्वास आहे, पण अविश्वासही आहे, मला मदत कर. येशूने त्याला परत पाठवलं नाही, त्याचा मुलगा बरा केला.

रेव्हरंड नारायण वामन टिळकांचे अभंगही जवळ ठेव. 1895 साली बाप्तिस्मा घेतलेल्या या कवीने ख्रिस्ताला आपल्या मराठीत आळवलं आहे.

आणि रविवारची उपासना संपल्यावर लगेच निघू नकोस. थोडं थांब, कुणाला तरी सांग, माझ्यासाठी प्रार्थना करा.