'मुद्राचित्र' की 'कोरीवकाम'?

ल्यूकस फान लायडन आणि रेम्ब्रांट या डच चित्रकारांनी बायबलमधल्या प्रसंगांवर केलेल्या चित्रांना मराठीत सरसकट 'कोरीवकाम' म्हणावे का, असा प्रश्न आहे.

म्हणू नये. कोरीवकाम म्हटले की आपल्याला वेरूळ आठवते, नाहीतर जुन्या वाड्याची चौकट. तिथे जे कोरले तेच आपण बघतो. इथे कोरला जातो तांब्याचा पत्रा, आणि बघायचा असतो तो त्यावरून कागदावर उतरलेला ठसा, तोही उजव्याचा डावा झालेला. 'छापील चित्र' म्हणावे तर भिंतीवरचे कॅलेंडरही त्यात येऊन बसते. तेव्हा एकूण प्रकाराला 'मुद्राचित्र' हाच शब्द बरा.

पोटप्रकारांत मात्र गल्लत नको. ल्यूकसचे १५१० सालचे 'एक्के होमो' (रोमन सुभेदार पिलात येशूला लोकांपुढे उभा करतो तो प्रसंग) हे खरोखर कोरलेले आहे. त्याचे हत्यार ब्युरिन. त्याला 'टाकी' म्हणण्याचा मोह आवरावा, कारण त्यावर हातोडी पडत नाही. मूठ तळहातात धरून ते पुढे रेटतात आणि तांब्याचा बारीक तार निघत जातो. या चित्रांना 'उत्कीर्णन' हा कोशातला शब्द आहे. मला 'कोरीव मुद्राचित्र' अधिक जवळचे वाटते.

एचिंगमध्ये धातू हाताने कोरतच नाहीत. पत्र्यावर मेणासारखा लेप देऊन सुईने रेघा ओढायच्या. उघड्या पडलेल्या रेघा आम्ल खाते. म्हणून 'अम्लरेखन'. शब्द नेमका आहे, पण कला महाविद्यालयांत सगळे 'एचिंग'च म्हणतात आणि त्यात काही बिघडत नाही.

आता खरी पंचाईत. रेम्ब्रांटने १६५५ मध्ये हाच प्रसंग केला, ल्यूकसचे चित्र डोळ्यांपुढे ठेवून. पण तो ड्रायपॉइंटमध्ये. आम्ल नाही, लेप नाही, सुई थेट तांब्यावर. रेघेच्या कडेला उठलेला धातूचा कंगोरा शाई धरून ठेवतो, म्हणून रेघ मखमली दिसते, आणि थोड्याच प्रतींनंतर तो झिजतो. पुढे रेम्ब्रांटने पुढची गर्दीच पत्र्यावरून तासून काढली आणि तिथे दोन काळ्या कमानी घातल्या. याला अम्लरेखन म्हणणे साफ चूक. 'ड्रायपॉइंट' तसाच ठेवावा.

शीर्षक मात्र लॅटिनमध्ये ठेवायचे कारण नाही. ते पिलाताचे शब्द आहेत आणि मराठी बायबलमध्ये आहेतच: 'पाहा, हा मनुष्य!' तसेच बायबलमधल्या इतर चित्रांच्या नावांत 'डेव्हिड'ऐवजी दावीद, 'सॉल'ऐवजी शौल लिहावे. उधळ्या पुत्राला तर आपण पूर्वीपासून ओळखतोच.