परदेशी मैत्री जुळवताना

पहिल्याच पत्रात कोकणचा इतिहास-भूगोल सांगत बसू नकोस. अंगणात आज काय चाललंय ते लिही. मे महिन्यात रातांबे, म्हणजे कोकमाची फळं, फोडतात, बिया बाजूला काढतात, सालं मीठ घातलेल्या रसात बुडवून उन्हात टाकतात. पुन्हा बुडवतात, पुन्हा वाळवतात, काळपट होईपर्यंत. झाली आमसुलं! फोटोत लाल झालेली बोटंही दिसू देत. मग विचार, तुमच्याकडे आंबटाला काय घालतात? हिवाळ्यासाठी काय साठवतात? माणसं स्वयंपाकघराबद्दल भरभरून बोलतात, हे मला फार आवडतं. झाडाचं शास्त्रीय नावही कळव, कोकमाचं गार्सिनिया इंडिका. त्यांना शोधायला सोपं जातं. बिया किंवा रोपं मात्र पाकिटातून पाठवू नकोस. बऱ्याच देशांत त्यासाठी रोग-किडीच्या तपासणीचा दाखला लागतो.